वाड्यामागचा पैसा

श्रीमंती घर कसे बांधते, हे पाहायला उत्रोली गावच्या लोकांना पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. जवळच भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे. १६९७ च्या सुमारास छत्रपती राजारामांनी शंकराजी नारायणांना सचिवपद दिले आणि त्या घराण्याकडे पुढे भोर संस्थान आले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, वाडा मात्र उभा राहिला. एकोणिसाव्या शतकातल्या या इमारतीत मराठी वाड्याचे चौक आणि सागवानी काम आहे, आणि सोबत युरोपीय थाटाच्या कमानीही आहेत. रामनवमीला इथे आजही गर्दी लोटते. चित्रपटवाल्यांना तर हा वाडा कधीचाच ठाऊक आहे.

संस्थानिकाचा वाडा सत्तेचा होता. रयत अर्ज घेऊन तिथे जात असे. सारा आणि न्याय, दोन्ही त्याच दारातून जात. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांत उभी राहिलेली व्यापाऱ्यांची घरे वेगळी होती. त्यांच्यामागे गिरणी, पेढी आणि कंत्राटांचा पैसा होता.

सोलापूरचे इंद्रभुवन बघा. १८७७ मध्ये तिथली पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत सोलापूर गिरणगाव झाले. त्याच भरभराटीच्या शहरात मल्लप्पा वारद या धनिक व्यापाऱ्याने ही वास्तू बांधली. दर्शनी भाग नक्षीकाम, पुतळे आणि सज्ज्यांनी इतका भरला आहे की नजर एका जागी ठरत नाही. असे घर मालकापेक्षा रस्त्यावरून जाणाऱ्यासाठीच जास्त बांधलेले असते. आज तिथे महापालिकेचे कार्यालय आहे. एकेकाळी जिथे आमंत्रणाशिवाय प्रवेश नसेल, तिथे आता कोणीही नागरिक आपले काम घेऊन जातो. या वास्तूच्या वाट्याला याहून चांगले आयुष्य आले नसते.

सगळ्या घरांचे नशीब असे नसते. मुंबईत मलबार हिलवर होमी भाभांचे ‘मेहरांगीर’ होते. २०१४ मध्ये ते ३७२ कोटींना विकले गेले, २०१६ मध्ये पाडले गेले. स्मारक व्हावे म्हणून न्यायालयापर्यंत धाव घेतली गेली, पण खासगी मालमत्तेपुढे आठवणी टिकल्या नाहीत. घराला सार्वजनिक उपयोग मिळाला नाही, तर जमिनीचा भावच त्याचे भवितव्य ठरवतो.

पण फक्त इमारत जपली म्हणजे झाले, असे मानणे धोक्याचे आहे. त्या भिंती कोणाच्या कष्टावर उभ्या राहिल्या? याचे उत्तर शोधायला भोर तालुक्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. वेळवंडी नदीवर भाटघरचे मोठे धरण बांधले गेले आणि १९२८ मध्ये त्याचे उद्‍घाटन झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला मिळाले. पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली बारामती, इंदापूरकडे गेले आणि तिथे ऊस पिकला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढला, त्याभोवती वालचंदनगर वसले. इकडे वेळवंडीच्या खोऱ्यातली शेते पाण्याखाली गेली. तिथल्या कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात धरण आटले की उघडे पडते, आणि तोवर बुडालेले असते.

खाली ज्यांचे भाग्य फळफळले, त्यांची नावे कारखान्यांना, रस्त्यांना लागली. वर ज्यांची जमीन गेली, त्यांची नावे कुठल्याच दर्शनी भागावर नाहीत. ऐतिहासिक वास्तूंच्या पाटीवर मालकाचे नाव आणि बांधकामाचे साल असते. त्याखाली आणखी दोन ओळी सहज बसतील: पैसा कुठून आला आणि बांधणारे गवंडी-सुतार कोण होते. भोरच्या राजवाड्यापासून ही सुरुवात करता येईल, कारण संस्थानाच्या कारभाराचे दप्तर जिथे जिथे टिकले असेल, तिथे साऱ्याच्या नोंदीही सापडतील.