शून्य कुठे मांडावे?

मृग तोंडावर आला की ढाणकीच्या शिवारातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ठरवावे लागते: निव्वळ कपाशी, कपाशीत तुरीचे तास, की सोयाबीन आणि त्यावर हरभरा? पाऊस साधला तर भरघोस हाती यावे आणि पावसाने दगा दिला तरी घर चालावे, या दोन्ही इच्छा रास्त. पण एक पुरवायला जावे तर दुसरी आखडते.

पारेतो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाच्या नावाचा निकष इथे पहिली चाळणी लावतो. जी योजना दुसरीपेक्षा कशातच उजवी नाही आणि कशात तरी उणी आहे, ती बाद. चाळणीवर उरतात त्या योजना एकमेकींना हटवू शकत नाहीत. अशा उरलेल्या योजनांचे संच शोधणारे, उत्क्रांतीच्या तत्त्वावर चालणारे अल्गोरिदम आज जगभर वापरले जातात; कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी कानपूरच्या आयआयटीत घडवलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला एनएसजीए-२ त्यांतला अग्रगण्य. मात्र दोन अल्गोरिदमांनी दोन संच पुढे ठेवले, तर सरस कोणता?

त्यासाठी झिट्झलर आणि थीले यांनी १९९८ मध्ये हायपरव्हॉल्यूम हे माप मांडले. कागदावर आडवे चांगल्या सालाचे उत्पन्न घ्या, उभे दुष्काळी सालाचे. समजा, कपाशीचे गुण (१०, १), कपाशी-तुरीचे (७, ५), सोयाबीन-हरभऱ्याचे (४, ६). प्रत्येक बिंदूपासून शून्यापर्यंत आयत काढले की तिन्ही मिळून ४२ चौकोन झाकतात. कपाशी वगळली तर ३ चौकोन घटतात, सोयाबीन-हरभरा वगळला तर ४.

आता उभ्या मापाचा शून्य १ वर आणा, म्हणजे दुष्काळातही तेवढे हवेच असे म्हणा. कपाशीचे योगदान शून्य होते. तोच शून्य उणे २ वर न्या, म्हणजे तेवढा तोटा सोसण्याची ऐपत धरा. कपाशीचे योगदान ९ होते, सोयाबीन-हरभऱ्याचे मात्र ४ च राहते. पीक तेच, पाऊस तोच. बदलला तो फक्त संदर्भबिंदू, म्हणजे शून्य मांडण्याची जागा.

या मापाचा मोठा गुण असा की, संदर्भबिंदू पुरेसा खाली असेल तर ते निर्विवाद सरस संचाला कधीही कमी गुण देत नाही. पण २००३ मध्ये झिट्झलर आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, प्रत्येक संचाला स्वतंत्रपणे गुण देणारी मर्यादित संख्येतली मापे कशीही एकत्र केली, तरी कोणता संच निर्विवाद सरस आणि कोणते दोन अतुलनीय, म्हणजे परस्परांशी तुलनाच न होणारे, याचा अचूक निवाडा दर वेळी होऊ शकत नाही. अतुलनीयांना एका आकड्याने रांगेत उभे केले की त्यात कुणाची तरी पसंती शिरतेच.

म्हणून आकडा टाकू नये. त्याचा शून्य कुणी ठरवला ते विचारावे. पीक-सल्ला देणाऱ्याने उत्पन्नाचे कोष्टक उघडण्याआधी समोरच्या घराकडून जाणून घ्यावे: वाईटात वाईट सालात किती तुटले तर तुम्ही तगाल? हे उत्तर गणित देऊ शकत नाही. ते तोटा सोसणाऱ्यानेच द्यायचे असते, आणि मापाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.