पाचवे कारण

मनुष्यावर संकट कोसळले म्हणजे त्याच्या मुखातून प्रथम जो प्रश्न बाहेर पडतो तो ‘हे कसे झाले?’ असा क्वचितच असतो. ‘हे नेमके माझ्याच वाट्याला का आले?’ असाच तो बहुधा असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कारागीर, वैद्य किंवा फौजदार देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा मक्ता मात्र धर्मशास्त्री आणि ज्योतिषी यांनी फार प्राचीन काळापासून आपसांत वाटून घेतलेला आहे, आणि उत्तर कितीही विस्ताराने दिले तरी त्याचा मथितार्थ दैव या दोन अक्षरांत सामावतो. या दैवाची बाजू घेणारे आणि ते मुळीच नाही असे म्हणणारे यांचा वाद आपल्याकडे शतकानुशतके चालू असून तो तडीस नेण्याचा अधिकार मला नाही. परंतु दैव आहे की नाही यापेक्षा त्याचे नाव कोणी घ्यावे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आणि त्याला निमित्त झाले ते एका वृद्ध दांपत्याच्या वाहनाची रस्त्यात झालेली मोडतोड.

हे दांपत्य बोरिवलीला आमच्याच वसाहतीत राहते. गृहस्थ एका सरकारी कचेरीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मूळ गाव राजापूर तालुक्यात. गणपतीला गावी जाणे हा चाकरमान्याचा कुळाचार, त्यामुळे नॅन्सी कॉलनीच्या एस.टी. आगारातील रांग आणि कोकण रेल्वेच्या डब्यातील खेचाखेच यांत त्यांची हयात गेली. परंतु बाईंची पाठ आणि गुडघे दोन्ही कुरकुरू लागल्यावर त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली, परिवहन कार्यालयाचे सोपस्कार उरकून तिच्यात एक बिछाना, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, आणि ते गावी जाऊ-येऊ लागले. सरकारच्या पर्यटन खात्याने अशा वाहनांना कॅरॅव्हॅन असे भारदस्त नाव दिले आहे. आमच्या वसाहतीत तिला फिरते बिऱ्हाड म्हणतात, आणि त्यात थोडा हेवाही असतो.

गौरीगणपतीचे विसर्जन आटोपून ते बोरिवलीकडे परतत असता, खेडजवळचा भरणे नाका मागे पडून कशेडीचा चढ सुरू होण्याच्या बेतात, गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि पुढून वाफेचे लोट निघू लागले. गाडी कडेला घेतली. पावसाची एक सर येऊन गेलेली, रस्त्याच्या कडेचा चिखल चपलेला धरून ठेवणारा, आणि मुंबईकडे परतणाऱ्या मोटारींची अखंड रीघ. बाई म्हणाल्या, “निघताना देवळात नारळ ठेवायचा राहिला. मी म्हटलं होतं तुम्हांला.” गृहस्थ म्हणाले, “अगं, नारळाचं काय घेऊन बसलीस? साडेसाती आहे मला.” म्हणजे एकीने देवतेचा कोप सांगितला, दुसऱ्याने ग्रहाची दशा सांगितली, आणि गाडीचे झाकण अद्याप कोणीच उघडलेले नव्हते.

इतक्यात पुढे गेलेला एक मोटारसायकलस्वार वळून परत आला. शुक्रवार होता, तो नमाज आटोपून घरी जेवायला निघाला होता, डोक्यावरची टोपीही अजून तशीच होती. भरणे नाक्यावर त्याचे लहानसे गॅरेज. गृहस्थ रेडिएटरचे झाकण फिरवू पाहत होते, तो धावतच ओरडला, “काका, हात लावू नका, उकळतं पाणी अंगावर येईल.” मग अर्धा तास त्याने काहीच केले नाही. इंजिन निवू देणे हेच त्या वेळचे काम होते, आणि ते त्याने इतर कोणत्याही कामाइतक्याच निष्ठेने केले. त्यानंतर फडक्याने वरचा रबरी पाइप चाचपून तो क्लिपेच्या तोंडाशी उभा चिरला असल्याचे त्याने दाखवले, आणि अगदी सहज विचारले, “हा शेवटचा कधी बदललेला, काका?”

काकांनी उत्तर दिले नाही. बोरिवलीच्या कारागिराने वैशाखातच सांगितले होते की पाइप फुगला आहे, बदलून घ्या. आणि काकांनी ते ‘गणपतीनंतर बघू’ या सदरात टाकले होते. हिशेब खात्यातील मनुष्य असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला एक सदर असायचेच.

कारागिराने चिरलेले टोक कापून टाकले, पाइपाला थोडी सैल लांबी होती तिचा फायदा घेऊन तो पुन्हा तोंडावर चढवला, क्लिप आवळली, गाडीच्याच टाकीतील पाणी आत ओतले आणि झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले. आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाऊन पाण्याची पातळी स्थिर होईपर्यंत तो वाकून पाहत राहिला. “हळू जा. जुन्या घाटाने चढवू नका, बोगद्यातून काढा. घरी पोचल्यावर पहिलं काम नवा पाइप.” बाईंचे डोळे भरून आले. “देवच धावून आला बघ तुझ्या रूपानं.” तो हसला. “मी कसला, काकी? वरच्यानं पाठवला म्हणून आलो.”

प्रसंग एवढाच. पण त्यात तीन माणसांनी, एका तासाच्या अवधीत, अदृष्ट शक्तीचे नाव चार वेळा घेतले, आणि त्या चारही उच्चारांचे मोल माझ्या मते एक नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. शंकराचार्य येथे दैव शब्दाने इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता घेतात. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मनुष्याला ज्यांचा पत्ताही नसतो अशा सृष्टीच्या व्यापारांकडे बोट दाखवले आहे, आणि मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. परंतु अर्थ कोणताही घेतला तरी क्रम बदलत नाही. दैव पाचवे आहे. आधीच्या चौघांचे जाबजबाब झाल्यावाचून पाचव्याला पुकारा करण्याचे कारण नाही; आणि त्या दिवशी रस्त्याच्या कडेला गीतेचा हा क्रम पाळणारा एकटा तो कारागीर होता. जागा कोणती, चढ किती, गाडी कोण चालवत होते, साधनात बिघाड कोठे, आणि कोणता उद्योग करावयाचा राहिला, हे सर्व त्याने बोटांनी तपासले, आणि चिरलेला पाइप हाती येताच पाचव्या कारणाची त्याला गरजच उरली नाही.

आपल्या स्मृतिकारांनाही हा विवेक ठाऊक होता. याज्ञवल्क्य स्मृतीत दृष्टान्त आहे तो रथाचाच: एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषाच्या प्रयत्नावाचून दैव सिद्धीस जात नाही. योगवासिष्ठ तर याहून पुढे जाऊन दैव हे पूर्वी केलेल्या पौरुषाचेच दुसरे नाव ठरवते. ‘गणपतीनंतर बघू’ हे वैशाखातले पौरुष भाद्रपदात दैव होऊन उभे राहिले, यापेक्षा त्या मताचे सुलभ भाष्य मला सुचत नाही.

तथापि या तर्काला एक कठोर धार आहे. प्रत्येक दुःखाच्या मुळाशी स्वतःचेच पूर्वकर्म आहे असे दुःखिताला ऐकवणे ही क्रूरता आहे, आणि धर्माच्या नावाने ती आपण पुष्कळ केली आहे. याच महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीचा ब्रिटिश अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. त्यांतली एक राजापूरहून बोरिवलीला येणारी होती. आमच्या उपनगरात तो मजकूर ज्यांनी सकाळी ऐकला, त्यांना आपल्या आगाराच्या फलाटावर कोणती गाडी येणार नाही हे वेगळे सांगावे लागले नाही. त्या गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या मातेने ‘दैवाने नेले’ असे म्हटले, तर तिला गीतेतील क्रम शिकवायला कोण धजेल? आधीच्या चार कारणांची छाननी करण्याचे साधनच तिच्या हाती नव्हते. तिच्यापुरते दैव खरोखर पहिले होते. पण पुलाची पाहणी करणे हे ज्यांचे विहित कर्म होते, त्यांच्यापैकी कोणी तेच वाक्य उच्चारील तर ते पाखंड होय. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. एवढे पौरुष जर सरकारदरबारी शिल्लक होते, तर आधीच्या पुलाच्या वेळी ते कोणत्या दप्तरात बांधून ठेवले होते, हा प्रश्न विचारण्यात नास्तिकपणा नाही. २०११ साली हाती घेतलेले या रस्त्याचे रुंदीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळते, याचा जाबही ग्रहांकडे मागण्याजोगा नव्हे.

म्हणजे वाक्य एकच असले तरी ते भोगणाऱ्याच्या तोंडी सांत्वन ठरते आणि जबाबदाराच्या तोंडी पळवाट ठरते. हाच न्याय उपकाराला लावला की बाजू उलटतात.

बाई म्हणाल्या, देव धावून आला. मराठी मनाची ही अत्यंत जुनी सवय आहे, आणि ती निर्माणही कोणत्या थोर सामग्रीतून झाली आहे! मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात बादशाही कोठार रयतेला खुले करतात, बेदरहून अटकेचा हुकूम सुटतो, आणि ते पोहोचण्यापूर्वीच विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची रक्कम चुकती करतो व पावती घेतो. महिपतीने भक्तिविजयात गायिलेली ही कथा ऐकत जी पिढी वाढली, तिला भरणे नाक्यावरच्या कारागिराच्या ठिकाणी विठू दिसणे स्वाभाविकच होते. परंतु या सवयीत एक धोका दडलेला आहे. धावून आलेला देव असेल, तर मग जेवण टाकून परत फिरलेला, अर्धा तास चिखलात उभा राहिलेला तो माणूस कोठे गेला? आपत्ती दैवाची आणि साहाय्य देवाचे अशी वाटणी केली, तर मधल्या मधे मनुष्याचे अपराधही माफ होतात आणि त्याचे पुण्यही जप्त होते.

आणि नेमके येथेच त्या कारागिराचे उत्तर माझा युक्तिवाद अडवते, कारण ‘वरच्याने पाठवला’ असे तो स्वतःच म्हणाला. मग बाईंचे काय चुकले? मी पुष्कळ विचार केला. माझ्या मते भेद असा की कर्तृत्वाचा त्याग हा ज्याचे कर्तृत्व त्यानेच करावयाचा असतो. पाच कारणे सांगून झाल्यावर, केवळ आपल्यालाच कर्ता समजणारा खरे पाहत नाही, असे गीता लागलीच बजावते. पण तो उपदेश करणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला नव्हे. त्याने म्हटले तर ती नम्रता. आपण त्याच्या वतीने म्हटले तर आपण परस्पर त्याचे खाते बंद केले. माझ्या बोरिवलीतच, कान्हेरीच्या लेण्यांत, याचे एक विलक्षण प्रमाण आहे. आत्मा म्हणून काही शाश्वत नाही असे शिकवणारे भिक्षू त्या डोंगरात राहत. त्यांच्यासाठी खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांवर मात्र कल्याणच्या, सोपाऱ्याच्या दात्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. दात्याला ‘मी’ नाही हे तत्त्वज्ञान मान्य असूनही पाणी पिणाऱ्यांनी त्याचे नाव पुसले नाही.

बाईंची बाजू मला अगदीच टाकवत नाही. ठरलेली मजुरी दिल्यावर हिशेब मिटतो. देव आला असे मानल्यावर तो मिटत नाही, आणि त्या दिवसापासून वसाहतीत कोणाची रिक्षा बंद पडली तरी बाई वरून हाक मारून चहाला बोलावतात. त्यांनी करंज्यांचा डबा त्या तरुणाच्या हाती दिला, तेव्हा डबा परत न्यायला पुढच्या खेपेस थांबू असेही सांगितले. देवाला दिलेला डबा कोणी परत मागत नाही. तेव्हा तो कोण होता याविषयी त्यांच्या मनात फारसा घोटाळा नसावा.

राहता राहिला तो गृहस्थांचा कज्जा, आणि तो मला सुटलेला नाही. पाइप न बदलणारे तेच, आणि घाटाच्या पायथ्याशी भिजलेलेही तेच. जबाबदार म्हणून त्यांनी दैवाचे नाव घेऊ नये, भोगणारे म्हणून घ्यावे. एकाच देहात राहणाऱ्या या दोन पक्षकारांपैकी बोलतो कोण आहे, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? गाडीत आता नवा पाइप आहे, आणि चालकाच्या खणात आणखी एक जादा पाइप ठेवलेला आहे. तरीही साडेसाती केव्हा संपते याची चौकशी त्यांनी परवाच माझ्याकडे केली. मी पंचांग काढून त्यांना दिले.