हुकूम देणारा आणि ऐकणारा

मज्जातंतूला वेटाळून बसलेल्या श्वान पेशी एरवी शांत असतात. तंतूला इजा झाली की त्या वाढतात, दुरुस्ती संपली की थांबतात. श्वानोमा आणि न्यूरोफायब्रोमा या सौम्य गाठींत हे थांबणंच हरवतं. पेशींना 'वाढा' असं सांगतं कोण, या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही दशकांत दोनदा बदललं.

त्वचेवरच्या न्यूरोफायब्रोमाच्या गाठी मज्जातंतूंपासून निघतात, हे फ्रीड्रिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये दाखवलं. त्या का वाढतात, याचा धागा मिळाला तो रीटा लेवी-मोंताल्चिनी यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांतून. कोंबडीच्या भ्रूणात उंदराची गाठ रोवली, तर भ्रूणाचे मज्जातंतू गाठीकडे भराभर फुटत. त्यामागचा स्राव म्हणजे मज्जातंतू वृद्धिघटक. त्यासाठी त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं. गाठीतूनच सापडलेल्या या रेणूवर न्यूरोफायब्रोमाचा संशय जाणं साहजिक होतं. १९७०च्या दशकात रुग्णांच्या रक्तात तो वाढलेला आढळल्याचे दावेही झाले, पण ते टिकले नाहीत.

मग जनुकांनी उलटं उत्तर दिलं. १९९० मध्ये १७व्या गुणसूत्रावर न्यूरोफायब्रोमामागचं एनएफ१ आणि १९९३ मध्ये २२व्यावर श्वानोमामागचं एनएफ२ हे जनुक हाती आलं. दोन्ही वाढीला लगाम घालणारे. एनएफ१चं प्रथिन तर 'रास' हा पेशीतला वाढीचा खटका बंद करतं. ते गेलं की वृद्धिघटकाचा साधा इशाराही संपता संपत नाही. हुकूम नेहमीचाच होता, बिघाड ऐकणाऱ्यात होता.

तरी वृद्धिघटक पूर्ण निर्दोष सुटले नाहीत. २००० नंतर उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की एनएफ१ गमावलेल्या श्वान पेशी स्वतःच एक वृद्धिघटक सोडून मास्ट या रोगप्रतिकारक पेशींना बोलावतात आणि त्या आल्यावर गाठीला बळ देतात. म्हणजे बिघडलेला ऐकणारा आता आसपासच्या पेशींनाही कामाला जुंपतो.

उपचार इथून सुचले. रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या व्हीईजीएफ या वृद्धिघटकाला बेव्हासिझुमॅब या औषधाने अडवल्यावर एनएफ२ बिघडलेल्या दहापैकी नऊ रुग्णांत कानाच्या नसेवरच्या गाठी आक्रसल्या, असं बॉस्टनच्या गटाने २००९ मध्ये नोंदवलं. काहींचं ऐकणंही सुधारलं. रासच्या पुढची कडी तोडणाऱ्या सेलुमेटिनिबला अमेरिकेत २०२० मध्ये एनएफ१ बिघडलेल्या, दोन वर्षांवरच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. औषध थांबलं की गाठ पुन्हा वाढू शकते, कारण मूळ जनुक तसंच राहतं.

व्हीईजीएफने गाठ सुरू केली नव्हती, तरी त्याला अडवून ती लहान झाली. रोगाचं मूळ जिथे असतं, तिथेच उपचाराचा हात पोचतो असं नाही. वृद्धिघटकांवर आधी नको तेवढा आरोप झाला आणि नंतर त्यांना बाजूला सारलं गेलं. औषधाच्या कामी आला तो मधला विचार: दोष त्यांचा नसेल, पण पकड त्यांच्यावर बसते.