पावतीवरचा शब्द

जळगावच्या सराफ बाजारातली जुनी पेढी. एक आजी चार तोळ्यांचा पोहेहार मोडायला घेऊन आल्या आहेत. सोबत याच पेढीची तीस वर्षांपूर्वीची पावती: २२ कॅरेट, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं. मशीन मात्र ८७५ दाखवतंय. आजी बाहेर बसल्या आहेत. आत काका-पुतण्या बोलताहेत.

पुतण्या : काका, मशीनप्रमाणेच पैसे देऊ. यात लबाडी कुठे आहे? पोह्यापोह्याला सांधा, आणि सांध्याला झाळेचा डाग लागतोच. त्या डागात सोनं कमीच असायचं. सगळ्या बाजारात अशीच घडण होती.

काका : असेल. पण पावतीवर बाजाराचं नाव नाही, आपलं आहे. बावीसचाच भाव दे आणि मशीनचं काही बोलू नकोस.

पुतण्या : का?

काका : आपल्या अण्णांनी विकलेला माल आहे. गेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा कशाला?

पुतण्या : मग यात आजींचा विश्वास कुठे जपला? आपण आपली अब्रू झाकली. आपलं सोनं किती कसाचं होतं, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. जास्त पैसे दिले म्हणून तो हक्क आपल्याकडे येत नाही.

काका : आणि तू खरं सांगून पैसे कापणार! खरेपणा तुझा, भुर्दंड त्यांना. चार तोळ्यांमागे दीड ग्रॅमहून जास्त फरक पडतो. त्या सोन्याचे पैसे त्यांनी तेव्हाच मोजलेत.

पुतण्या : पण एकीला दिले तर पावती घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला द्यावे लागतील. आता हॉलमार्क आहे. एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी असल्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. हमी ठशाची झाली. जुन्या शब्दाचं ओझं आपण किती दिवस वाहायचं?

काका : ठसा शुद्धता सांगतो. मोड घेताना तूट किती धरली, लाखेचं वजन किती वजा केलं, सोनं गिऱ्हाइकासमोर वितळवलं की मागच्या खोलीत, हे ठसा सांगत नाही. तिथे आजही आपला शब्दच चालतो.

पुतण्या : मग आजींना आत बोलावू. मशीन वरचाच थर वाचतं. हार त्यांच्यासमोर वितळवू, लगडीचा कस त्यांना दाखवू, कमी का आला तेही सांगू. आणि भाव पावतीप्रमाणे देऊ.

काका : आणि अण्णांचं नाव?

पुतण्या : त्यांची पावती आपण मानली, तर त्यांचं नाव राखलंच की.

काका : प्रत्येक पावती मानशील?

पुतण्या : आपली असेल ती प्रत्येक. त्यासाठी नफ्यातून दरसाल रक्कम बाजूला काढू. ठरवलेलं नवं दालन दोन वर्षं उशिरा झालं तरी चालेल.

काका : चल तर. पण भट्टी पेटवण्याआधी सगळं सांगून त्यांना विचार. नको म्हणाल्या, तर हार जसाच्या तसा हातात द्यायचा. मोडायचा की ठेवायचा, हे त्यांनी ठरवायचं.