संशयाचा फायदा

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या समुद्राकडील पट्ट्यात, हिवाळा हा बर्फापेक्षा पावसाचाच ऋतू असतो. आणि त्या संततधारेतही शनिवार-रविवारी, एकोणिसाव्या शतकातील गुराख्यांचा वेष अंगावर चढवून, १८७३ सालच्या घडणीची रिव्हॉल्व्हरे व रायफली घेऊन, पोलादी तबकड्यांवर नेम धरण्यासाठी माणसे चिखल तुडवीत मैदानावर येतात. १९८७ साली स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनुसार प्रत्येकाने एक टोपणनाव धारण करावयाचे, सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या भरून घोडा रिकाम्या घरावर टेकवावयाचा, आणि हुकलेल्या प्रत्येक गोळीमागे ५ सेकंदांचा दंड सोसावयाचा. याला निव्वळ करमणूक समजणाऱ्यांशी माझी तकरार नाही. परंतु या खेळाच्या एका नियमात धर्मशास्त्राने विचारात घ्यावा असा प्रश्न दडलेला आहे, आणि हवा बिघडली म्हणजेच तो उघडा पडतो.

नेम लागला की हुकला याची साक्ष तीन पंच देतात, आणि त्यांतील दोघांचे मत ग्राह्य धरले जाते. स्वच्छ उन्हात शिशाची गोळी पोलादावर आपटल्याचा टणत्कार सर्वांनाच ऐकू येतो. पावसात मात्र टोपीच्या काठावरून पाणी ओघळत असते, कानांत बोळे घातलेले असतात, कोठे छप्पर असलेच तर त्याच्या पत्र्यावर सरींचा मारा चाललेला असतो. जुन्या काळ्या दारूची काडतुसे वापरणाऱ्यांची तर अधिकच पंचाईत: त्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतरही घनरूपाने शिल्लक राहतो, आणि वारा पडलेल्या दमट हवेत तिचा पांढरा धूर पांगून जाण्याऐवजी तबकडीपुढे पडद्यासारखा लोंबत राहतो. तशात तिसरी गोळी लागली की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगावे? नियमाचा निवाडा असा, की संशयाचा फायदा नेमबाजाला द्यावा.

दंड टळला, दप्तरी नोंदही झाली. पण चाप ओढण्याच्या क्षणी आपले मनगट हलले आणि गोळी तबकडीबाहेर गेली, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याने गप्प राहावे काय? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, न्यायसभेतील साक्षीदारांचे विवेचन चालू असतानाच, मनुष्याचा आत्मा हाच त्याचा श्रेष्ठ साक्षी असल्याचे सांगितले आहे. आणि हा चौथा साक्षीदार मानावयाचा, तर मला वाटते, संशयाचा फायदा ज्यांना संशय आहे त्यांनी द्यावयाचा असतो. ज्याच्या मनात संशयच नाही, त्याला तो घेण्याचा हक्क पोचत नाही. पंचांचे अज्ञान ही त्याची मिळकत नव्हे.

तथापि येथे एक भेद केला पाहिजे. धुरापलीकडचे पुष्कळदा स्वतः नेमबाजालाही दिसत नाही. ज्याला केवळ अंदेशा आहे, त्याने पुढे होऊन कबुलीजबाब देणे हाही असत्यालापच होय. कारण जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे तो सांगतो, आणि तेही सचोटीच्या लौकिकासाठी. त्याने निमूटपणे निवाडा मान्य करावा.

५ सेकंदांसाठी आत्म्याला पाचारण कशाला, असे कोणी विचारील. पणाला फारसे काही लागलेले नाही, म्हणूनच. जेथे फाशी किंवा जप्ती टाळावयाची असते तेथे मनुष्य भयाने खोटे बोलतो, आणि त्याला क्षमा करण्यास आपणांस कारण सापडते. चिखलात निथळत उभ्या असलेल्या या हौशी गुराख्यापुढे मात्र असे कोणतेच भय नाही, त्यामुळे त्याच्या बोलण्याची अथवा मौनाची जबाबदारी तो दुसऱ्या कशावरही ढकलू शकत नाही.