निर्बीजत्वाची साक्ष

नाशिकाहून त्र्यंबकेश्वरीं नारायण-नागबलीचा तीन दिवसांचा विधि करावयास जाणाऱ्यांत संततीच्या इच्छेनें जाणारीं जोडपीं पुष्कळ असतात. त्या विधीच्या फलाविषयीं येथें वाद नाहीं; पण त्यांतील एक गोष्ट मला विचारार्ह वाटते. विवाहित यजमानास तेथें पत्नीसह बसावें लागतें. दवाखान्याची पायरी मात्र प्रथम चढते ती बहुधा एकटी सून!

'वांझ' हा शब्द आपल्या भाषेनें स्त्रीसाठींच राखून ठेवला. पुरुषासाठीं जे शब्द आहेत ते षंढत्वाचे. वस्तुतः संसारसुखास सर्वथा समर्थ असलेला पुरुषही निर्बीज असूं शकतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शुक्राच्या दोषांचा स्वतंत्र विचार आहे. म्हणजे जें वैद्यास ठाऊक होतें तें घरानें ऐकून घेतलें नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

आज तर साक्ष अधिक सूक्ष्म झाली आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र शुक्रजंतू नाहींत एवढेंच सांगतें. मार्ग अडला आहे कीं निर्मितीच थांबली आहे, याचा निर्णय करण्यास वृषणाचा तुकडा काढून पाहावा लागे. २०१३ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं वीर्यांतील टेक्स-१०१ व ईसीएम-१ या दोन प्रथिनांच्या प्रमाणावरून हा भेद पुष्कळ अंशीं ओळखतां येतो, असें दाखविलें. वाय गुणसूत्राचा कोणता तुकडा गळाला आहे, हेंही रक्ताच्या तपासणीनें कळतें. एझेडएफ नामक भागाचा 'ए' विभाग समूळ गेला असेल, तर शुक्रजंतूंच्या शोधार्थ शस्त्रक्रिया करणें व्यर्थ होय.

असें असतां, पत्नीवर उपचार चालू असतांना स्वतःची तपासणी नाकारणें हें पतीचें खाजगी स्वातंत्र्य म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. त्या नकाराचें मोल तिच्या शरीरास द्यावें लागतें. मात्र सुनेवरचा ठपका काढून मुलावर ठेवण्यांतही न्याय नाहीं. जन्मतःच गळालेल्या तुकड्याचा अपराध कोणाच्या माथीं मारणार?

खरी गांठ पुढेंच आहे. 'सी' विभाग गळालेल्या कांहीं पुरुषांच्या वृषणांत शुक्रजंतू सांपडतात. आणि एकच शुक्रजंतू सुईनें बीजांडांत सोडण्याची जी पद्धति ब्रुसेल्सच्या वैद्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केली, तिच्या साहाय्यानें त्यांस अपत्य होऊं शकतें. परंतु पुत्र झाल्यास तीच उणीव त्याच्याकडे जाते. म्हणून त्यास जन्मच देऊं नये, असें मी म्हणणार नाहीं. पण त्याच्या विवाहाचीं बोलणीं सुरू होण्यापूर्वीं पित्यानें हें त्यास सांगितलें पाहिजे, आणि गप्प बसण्याचा मोह नेमका तेव्हांच अनावर होईल.