उपासाला चालते का?

एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र किंवा श्रावणी सोमवार आला की मराठी घरांतल्या स्वयंपाकघरातून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: हे उपासाला चालते का? खिचडीवर कोथिंबीर घातली तर चालेल का, जिऱ्याची फोडणी चालते का, चहात आले टाकले तर काही बिघडेल का, रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची की पारण्यानंतर? विचारणारीला त्या घडीला तत्त्वज्ञान नको असते. कढईत तूप तापलेले असते आणि उत्तर लगेच हवे असते. पण उत्तर शोधू लागले की धर्मविचारातला एक जुना पेच समोर येतो. व्रत हा माणसाने आपण होऊन केलेला संकल्प आहे. मग त्यात काय बसते आणि काय बसत नाही, हे दुसरा कोणी कसे सांगणार? आणि दुसऱ्याला ते सांगता येत नसेल, तर विचारण्याला अर्थ काय?

असले प्रश्न क्षुल्लक म्हणून आपल्या परंपरेने कधी झटकून टाकले नाहीत. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला आणि त्याचा एक अख्खा खंड व्रतांना दिला. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे याच कमलाकरभट्टांचे पुतणे. पुढे शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९०-९१ च्या सुमारास, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी ‘धर्मसिंधु’ रचला. महाराष्ट्रात तिथीचा किंवा व्रताचा वाद निघाला की अजूनही बहुधा याच ग्रंथाचे पान उघडले जाते.

‘धर्मसिंधु’च्या आरंभी बाबा पाध्यांनी आपला वाचक कोण हे स्पष्ट सांगितले आहे. मीमांसा आणि धर्मशास्त्र जाणणाऱ्या पंडितांचे काम आधीच्या ग्रंथांनी भागले आहे, त्यांच्यासाठी हा खटाटोप नाही. ज्यांची बुद्धी बेताची आहे, ज्यांच्याने मोठे ग्रंथ वाचवत नाहीत, ज्यांना फारसे ठाऊक नाही आणि तरीही धर्माचा निर्णय जाणून घ्यायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी तो आहे. म्हणूनच मूळ वचनांची गर्दी टाळून निष्कर्ष थेट मांडला आहे. पांडित्याची प्रतिष्ठा मोठी असलेल्या काळात हे धोरण मुद्दाम स्वीकारावे लागते. ज्याला संदर्भ नको, फक्त आज काय करायचे ते हवे, त्याचीही जिज्ञासा खरी असते, हे त्या विद्वानाने मान्य केले आहे.

या ग्रंथांत उपवासाविषयी काय सापडते हे नीट पाहिले, तर आजच्या घरगुती समजुतींपेक्षा ते बरेच लवचीक वाटते. काहीही न खाता राहणे हा उपवासाचा पहिला पर्याय, एकमेव नव्हे. ज्याला ते झेपत नाही त्याच्यासाठी दिवसा एकदाच जेवणे (एकभुक्त), फक्त रात्री जेवणे (नक्त), न मागता मिळेल तेवढेच खाणे (अयाचित), दूध-फळांवर राहणे अशा पायऱ्या आहेत. एकादशीच्या उपवासाचे बंधन आठ वर्षांच्या आतील मुलांना नाही आणि ऐंशी वर्षांवरील वृद्धांनाही नाही. वारंवार पाणी पिणे, विडा चघळणे, दिवसा झोपणे यांनी उपवास बिघडतो. पण जीव कासावीस झाला असेल तर पाण्याचा दोष नाही. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असेही एक प्रसिद्ध वचन आहे. पाणी, मुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या त्या आठ. यादीचा शेवट विचार करण्याजोगा आहे. त्यात खाद्यपदार्थ नाहीत. दुसऱ्याचा शब्द आणि शरीराची निकड आहे. व्रत करणारा माणूस इतरांच्या सोबत आणि नाशवंत देहात राहतो, हे वचन रचणाऱ्याने ध्यानात ठेवले होते.

मात्र आज विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या ग्रंथांत शब्दशः मिळणार नाहीत, कारण उपासाचे ताटच बदलले आहे. साबुदाण्याच्या खिचडीचेच पाहा. आदल्या रात्री भिजवून ठेवलेला, सकाळी बोटांनी दाबला की सहज मोडणारा हा दाणा कुठल्याही रोपावर येत नाही. कसावा नावाच्या कंदाची साल काढून तो वाटतात, त्याचे पांढरे सत्त्व पाण्यात निवळू देतात, मग ते ओलसर पीठ हलवून हलवून त्याच्या गोळ्या करतात आणि भाजून वाळवतात. भारतात हा उद्योग मुख्यतः तमिळनाडूतील सेलम भागात चालतो. त्याआधी साबुदाणा आग्नेय आशियातून येई आणि तो तिथल्या एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून बनवलेला असे. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीत पडणारा शेंगदाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरचीही मूळच्या अमेरिका खंडांतल्या. रताळे तिकडचे आणि लाडू-चिक्कीतला राजगिराही तिकडचाच. हे सारे सोळाव्या शतकात आणि त्यानंतर समुद्रमार्गे आले. हेमाद्रीला यांतले काहीही माहीत असणे शक्य नव्हते.

तरी हे पदार्थ उपासात कसे शिरले याचा माग लावता येतो. एकादशीला वर्ज्य मानले ते धान्य. कंद, मुळे आणि फळे पूर्वीपासून चालत. नवा पदार्थ आला तेव्हा घरोघरच्या बायकांनी तो या मापाने मोजला असावा: हे शेतातले धान्य आहे की जमिनीखालचा कंद? बटाटा कंद, रताळे कंद, साबुदाणा कंदाचे सत्त्व, म्हणजे चालतील. हा शुद्ध तर्क आहे, आणि तो कोणत्याही विद्यापीठात शिकवला गेला नव्हता. वरीच्या तांदळाने मात्र हा हिशेब थोडा चुकवला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वरी हे गवताच्या कुळातले तृणधान्यच आहे. ती चालते याचे कारण बहुधा वेगळे आहे. नांगरट न करता आपोआप उगवणारे देवभात, सावे यांसारखे बारीक धान्य हे जुन्या ग्रंथांत मुनींचे अन्न मानले जाई, आणि वरीला त्याच पंगतीत जागा मिळाली असावी. व्रतकाळात खाण्याच्या हविष्यान्नाच्या जुन्या यादीत तर तांदूळ, जव, मूग आणि तीळही येतात. सैंधवाबरोबर समुद्राचे मीठही येते आणि जिरेही. ही यादी कडक एकादशीसाठी नाही. पण ‘शास्त्रात चालत नाही’ असे ठासून म्हणण्याआधी शास्त्र उघडून पाहावे, एवढे तिच्यावरून नक्की कळते.

मग एका घरात कोथिंबीर चालते आणि शेजारच्या घरात चालत नाही, याचे काय? इथे ‘आमच्याकडे नाही चालत’ हे आजीचे उत्तर कच्चे समजण्याचे कारण नाही. आपस्तंब धर्मसूत्राच्या अगदी शेवटी, उरलेले धर्म स्त्रियांकडून आणि सर्व वर्णांच्या लोकांकडून शिकावेत असे काहींचे मत असल्याचे नोंदवले आहे. मनुस्मृतीने धर्माचे चार आधार सांगितले: वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि आपल्या मनाचा संतोष. चौथा आधार मोकाट सुटू नये म्हणून विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त त्याला मर्यादा घातली. जिथे शास्त्रानेच दोन पर्याय मोकळे ठेवले आहेत, तिथे आपल्या मनाला रुचेल तो घ्यावा. कोथिंबिरीचा प्रश्न नेमका याच जागेतला आहे. शास्त्र तिथे गप्प आहे, कुळाचार बोलतो, आणि कुळाचार दोन्ही बाजूंनी असेल तर व्रत करणाऱ्याने स्वतः ठरवावे. मराठी घरांत लग्न करून आलेल्या मुलींना या जागेवर विनाकारण फार बोलणी खावी लागली आहेत. माहेरची कोथिंबीर सासरी चालत नाही, म्हणजे माहेरचा धर्म उणा ठरत नाही.

शब्द आणि संकल्प यांत फरक पडतो तेव्हा प्रश्न खरा अवघड होतो. याचे एक उत्तम उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. गायी-म्हशींचे दूध काढताना होणारी क्रूरता कळल्यावर त्यांनी दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ मध्ये दूध सोडले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात ते गंभीर आजारी पडले आणि प्रकृती काही केल्या सुधारेना. मुंबईत डॉ. दलाल यांनी सांगितले की दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली. पलंगाजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारले की मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, हे खरे होते. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि ते बरे झाले. पण व्रताचे अक्षर राखले आणि आत्मा गमावला, ही बोच आपल्याला कायम लागून राहिल्याचे त्यांनी लिहून ठेवले. कस्तुरबांनी दिलेले उत्तर चुकीचे नव्हते. पतीचा जीव वाचवणारे होते. ते पुरेसे आहे की नाही हे मात्र फक्त गांधीजींनाच कळू शकत होते. सल्ला देणाऱ्याचा अधिकार शब्दाच्या अर्थापर्यंत पोहोचतो. संकल्प करताना मनात काय होते, हे संकल्प करणाऱ्यालाच माहीत असते.

भागवताच्या नवव्या स्कंधातील राजा अंबरीषाची कथा याच्या पुढची पायरी दाखवते. द्वादशीला पारणे फेडायचे होते. दुर्वास ऋषी जेवायला येण्याचे कबूल करून नदीवर स्नानाला गेले आणि परतेनात. द्वादशी संपत आली. पाहुण्याआधी खावे तर अतिथीचा अपमान, न खावे तर व्रतभंग. राजाने जाणत्या ब्राह्मणांना विचारले, आणि त्यांनी तोड काढली: घोटभर पाणी घ्यावे, कारण पाणी पिणे हे खाल्ल्यासारखेही आहे आणि न खाल्ल्यासारखेही. निर्णय बिनचूक होता. दुर्वास तरीही संतापले आणि त्यांनी राजावर कृत्या ही संहारक शक्ती सोडली; ती विष्णूच्या सुदर्शन चक्राने जाळली, आणि ते चक्र मागे लागल्याने ऋषींना जीव घेऊन तिन्ही लोक धावावे लागले. पंडितांच्या उत्तराने व्रत राखले गेले, दुखावलेल्या पाहुण्याला मात्र ते शांत करू शकले नाही. ते काम राजाने स्वतः केले. दुर्वास परत येईपर्यंत वर्षभर तो न जेवता थांबला आणि त्यांना जेवू घालूनच मग जेवला.

इतर धर्मांनीही या लहान प्रश्नांसाठी जागा ठेवली आहे. रमजानच्या रोज्यात कोणी विसरून खाल्ले तर रोजा तुटत नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला राहिलेले रोजे नंतर पुरे करण्याची मुभा कुराणातच आहे. डोळ्यांत घालायचे औषध, इंजेक्शन यांचा निवाडा आजचे आलिम करतात. जैनांच्या प्रत्याख्यानात व्रत घेतानाच अपवाद उच्चारले जातात: विसरून घडले तर, किंवा नकळत अचानक तोंडात काही गेले तर व्रत भंगणार नाही. माणूस विसरणार हे गृहीत धरून घेतलेला संकल्प अधिक प्रामाणिक वाटतो, आणि हिंदू घरांनी त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे. उपासाच्या दिवशी चुकून बिस्कीट खाल्लेले मूल संध्याकाळपर्यंत रडत बसावे, असे कोणत्याच धर्मग्रंथाला अभिप्रेत नसावे.

काही प्रश्न मात्र कोणी विचारतच नाही. सर्व व्रतांना लागू अशी दहा बंधने पुराणांत सांगितली आहेत: क्षमा, सत्य, दया, दान, शुचिता, इंद्रियसंयम, देवपूजा, होम, संतोष आणि चोरी न करणे. शेंगदाणे चालतात का असे विचारणारे शंभर भेटतात; उपासाच्या दिवशी कामवालीवर ओरडलेले चालते का, असे कोणी विचारत नाही. ग्रंथांच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याहून लहान नाही. खिचडीची विचारपूस या दहांना पर्याय होते तेव्हा व्रत पोकळ होते. पण त्यासाठी खिचडीच्या प्रश्नाची हेटाळणी करणेही बरोबर नाही. अन्नाविषयीची सावधगिरी दिवसभर संकल्पाची आठवण जागी ठेवते. ती आठवण पुढे जिभेवरच्या शब्दांपर्यंत नेता येते, आणि नेली पाहिजे.

आजारपणातले प्रश्न आता भटजींपेक्षा डॉक्टरांना विचारले जातात, आणि तेच योग्य आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने मधुमेहींची साखर त्याने चढते. उलट इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. तेव्हा गोळ्या-इन्शुलिनचे प्रमाण आणि खाण्याच्या वेळा उपासाच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्या लागतात. याबाबतीत शास्त्र डॉक्टरांच्या आड येत नाही. औषधाने व्रत मोडत नाही, हे सांगून झालेच आहे. आषाढीचा उपास जन्मभर केलेल्या आईला तो आता झेपत नसेल, तर तिच्यासाठी एकभुक्त आहे, फलाहार आहे, आणि यांतलेही काही जमत नसेल तर प्रतिनिधी आहे. मुलाने, नवऱ्याने, भावाने किंवा बहिणीने तिच्या वतीने उपास करावा. आई, वडील, भाऊ, पती किंवा गुरू यांच्यासाठी जो उपवास करतो त्याला शंभरपट पुण्य लाभते, असे वचन या धर्मग्रंथांच्या कर्त्यांनी त्याच जागी उद्धृत केले आहे.